लामपाट्याची पडकई

९ एप्रिल

मोहिनीनं ही वही दिली. म्हणली, आई, परदेशात चाललीस, काय काय झालं ते लिही. मी चौथी शिकलेली. माझं लिहिणं म्हणजे आज किती पावणं जेवायला आणि पिठलं का आमटी, एवढंच. पण ही लेक कधी काही मागत नाही, हे मागितलं, म्हणून लिहिते. अक्षराला कुणी हसायचं नाही.

नेपाळला चाललोय. मी आणि जहाँआरा. जहाँआरा जुन्नरची मणियारीण, घोडेगावच्या बाजारात बांगड्या घेऊन बसती. माझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला, पुढच्या सगळ्या बांगड्या तिनं. माझा नवरा सावळेराम गेल्यापास्नं माझे हात मोकळे, तरी बाजारात गेले की तिच्या गोणपाटावर टेकायचं, चहा प्यायचा, हे चालू होतं. मग ते पण बंद झालं. मला कुठं जावंसंच वाटेना. तर ही बया ईद झाल्यावर शिरखुर्म्याचा डबा घेऊन यष्टीनं भीमाशंकरच्या रस्त्याला उतरली, तिथून आमच्या वाडीपतूर चालत आली. लाल झालेली उन्हानं. पाणी प्यायच्या आधी म्हणली, "भागू, मला बर्फ बघायचाय."

मी म्हणलं, "मग गोळेवाल्याकडं जा."

"तसला न्हाई. डोंगरावरचा. एकटीला माझा तन्वीर सोडायचा न्हाई. तू डोंगरातली हाइस, तू चल."

मी नाहीच म्हणलं. पण तिनं सगळं आधीच ठरवलेलं. वैजयंती म्हणून पुण्याची पोरगी आहे, किल्ले चढायला माणसं घेऊन येती, माझ्याकडं जेवती. तिनं रेल्वेची तिकिटं काढलेली, पाठीवरच्या दोन जुन्या सॅक दिलेल्या, कुठं उतरायचं, कुठं झोपायचं, सगळं सांगून ठेवलेलं. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं म्हणं. जहाँआराकडं वैजयंतीचा नंबर कुठून आला देव जाणे.

मला तरी इथं काय काम आहे? यंदा मी राब भाजला नाही. उन्हाळ्यात पालापाचोळा अंथरून जमीन भाजायची, तिथं भाताचं रोप करायचं, हे आमच्याकडं प्रत्येक घराचं काम. माझा नाही. यंदा भात लावायचंच नाही. खाचरं पड राहू दे.

का ते पण लिहिते, आता लिहायला बसलेच आहे तर. आमच्याकडं पडकई असते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, काही नाही, अंगानं अंग फेडायचं. गेल्या लावणीला सगळी वाडी माझ्या खाचरात उतरली. एका दिवसात लावून मोकळी. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून हौशीरामभाऊजींच्या बांधावर गेले. हौशीराम म्हणजे सावळेरामाचा जोडीदार. तर ते म्हणले, "वहिनी, तुमी बसा." सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या खाचरात गेले, तिथं पण तेच. बसा. म्हणजे मी पडकईतनं गेले. घरात एकटी बाई, तिच्याकडनं काय फेडून घ्यायचं? दया केली माझ्यावर. त्या दिवसापास्नं मी कुणाच्या बांधाला पाय लावला नाही.

१५ एप्रिल

रेल्वेत. लई गरम होतंय. जहाँआरानं सगळ्या डब्याशी ओळख केली. तिचं हिंदी पाण्यासारखं वाहातं. माझं हिंदी टीव्हीतलं, समोरचा हळू बोलला तरच थोडं कळतं, मला बोलता येत नाही. मी खिडकीतनं बघते. सपाट. नुसतं सपाट. इथली माणसं चढतात कशावर?

तिनं चार वेळा विचारलं, खाल्लंस का. मी लहान आहे का?

१८ एप्रिल

बॉर्डर म्हणजे एक कमान आणि लई धूळ. पोलिसानं कार्ड बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, जा म्हणला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. पलीकडं पण तशीच टपरी, तसाच चहा. मी म्हणलं, "हाच का परदेश?" जहाँआरा म्हणली, "आल्या पावली भांडू नको."

मग एका बसमधनं पोखरा. रस्ता आमच्या माळशेजसारखा, फक्त संपतच नाही. रात्रीला पोचलो. डोंगर काही दिसला नाही, ढग.

२० एप्रिल

आज चालायला लागलो. पाठीवर सॅक, हातात काठी. जीपवाल्यानं उतरवलं तिथून पायऱ्या लागल्या. डोंगरभर दगडाच्या पायऱ्या. कुणी बांधल्या असतील त्यांना माझा नमस्कार, आणि शिव्या पण.

जहाँआरा गोगलगाय. दहा पायऱ्या चढती, उभी राहाती, झाड बघती, शेळी बघती, तिथल्या बाईच्या हातातल्या बांगड्या बघती. गुडघा धरून "या अल्ला" म्हणती. मी पुढं जाऊन बसते, ती आली की उठते. तिला बसू देत नाही. म्हणलं, "बर्फ बघायचा कुणाला व्हता? मला का?"

"मलाच व्हता बाई. चल."

दुपारनंतर एक पूल लागला. लोखंडी दोरांचा, झुलता, खाली बघावं तर नदी पांढऱ्या धाग्याएवढी. खेचरं त्याच्यावरनं गेली टणाटण. आणि मी, जी पावसात घाटवाटेनं कोकणात उतरलेली, त्या पुलावर चार पावलं गेले आणि माझे पाय लाकूड झाले. पुढं होईना, मागं होईना. हे मी कुणाला सांगणार नाही. वहीला सांगते.

जहाँआरा मागनं आली. हसली नाही. माझं मनगट धरलं, बांगडी भरताना धरती तसंच, अंगठा तळव्यात दाबून. आणि बोलायला लागली. जुन्नरच्या कुठल्या बायडाबाईनं सुनेला चुडा भरायला आणलं, सुनेचे हात हे एवढाले, सासू म्हणती बारीकच माप भरा, मोठं माप अपशकुनी, सून रडती, सासू ओरडती. मी म्हणलं, "मग भरलं का बारीक?" ती म्हणली, "कशाची भरती! मोठंच भरलं, सासूला बारीक सांगितलं." आणि बघते तर पायाखाली दगड. पूल संपलेला.

तिची ही कला आहे. बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि हात कधी दाबला, बांगडी कधी चढली, कळू द्यायचं नाही. बाजारात मी हजारदा बघितलंय. माझ्यावर केलेलं पहिल्यांदाच.

२२ एप्रिल, लामपाटा

गाडी अडली. जहाँआराचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. लामपाटा म्हणून छोटं गाव आहे, गुरुंग लोकांचं, तिथं दिलमाया म्हणून बाईच्या घरी उतरलोय. ती पण माझ्यासारखीच वाटसरूंना जेवण घालती. तिच्या चुलीवर नाचणीचा ढिंडो शिजत होता. ढिंडो म्हणजे आमची नाचणीची उकड, नाव फक्त वेगळं. मला लई बरं वाटलं ते बघून.

खाली डोंगराला खाचरं. आमच्यासारखीच, एकाखाली एक, पण चढ जास्त. त्यात जव पिकून पिवळा झालेला. आणि वर ढग, काळा निळा, गारांचा. सगळं गाव वावरात विळे घेऊन उतरलेलं. जहाँआरा पाय वर करून पडली. मी काय करू? अंगणात बसून डोंगर बघू? मला बसता येत नाही.

खाली गेले. दिलमायाला खुणेनं म्हणलं, विळा. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, घट्टे बघितले, आणि स्वतःच्या कमरेचा विळा काढून मला दिला. स्वतः दुसरा आणला. बस. कुणी काही विचारलं नाही. कुणी बस म्हणलं नाही.

त्यांचा विळा जरा सरळ असतो. आधी दोन मुठी वाकड्या गेल्या, मग हाताला सापडला. माझ्या ओळीत एक म्हातारा होता, तो मला मागं टाकायला बघत होता, मी त्याला टाकलं. तो हसला, बोळकं तोंड. अंधार पडेपतूर कापलं.

आज पोटात आग पडल्यासारखी भूक लागली. दिलमाया वाढत गेली, मी खात गेले. जहाँआरा चुलीपाशी दिलमायाशी हळूहळू बोलत होती हिंदीत. मधूनच दोघी माझ्याकडं बघायच्या. मी म्हणलं, "काय?" जहाँआरा म्हणली, "तुला तिसऱ्यांदा वाढलं, ते मोजतोय."

२४ एप्रिल

जव घरात आला. काल संध्याकाळी गारा पडल्या, लिंबाएवढ्या, पण तोवर शेवटची पेंढी उचललेली. सगळे ओसरीवर उभे राहून बघत होते आणि हसत होते, जसं काही गारांना फसवलं.

जहाँआरा पण रिकामी बसली नाही. तिच्या सॅकमध्ये काय जड आहे म्हणून मी सारखी चिडत होते. तर बांगड्या! डोंगरात बांगड्या घेऊन आलेली. गावातल्या बायांना भरत बसली, पाय लांब करून, बोलत बोलत. दिलमायाला हिरव्या भरल्या. माझ्याकडं एकदा बघितलं. मी बघितलंच नाही असं केलं.

रात्री दिलमायाचा नवरा मला काहीतरी म्हणला. जहाँआरानं सांगितलं, "त्यो म्हणतो, आता तुमचा पर्म आमच्यावर हाय. पर्म म्हंजे तुमची पडकई गं. इथं पण हाय."

मी म्हणलं, "त्याला सांग, आमी सकाळी चाललो. माझी खाचरं हितं न्हाईत."

तो म्हणला, असू दे, निघेल काहीतरी. सगळे हसले. मी पण.

२६ एप्रिल

बर्फ बघितला.

काल दिवसभर लाल फुलांच्या रानातनं चढलो. गुराँस म्हणतात त्याला. झाडं म्हणावं तर झाडं, पण पानापरीस फूल जास्त. जहाँआराच्या गुडघ्याला दिलमायानं कसलातरी पाला बांधून दिला, ती लंगडत आली, पण आली. वर पत्र्याच्या खोल्या. थंडी अशी की दात वाजतात ते दुसऱ्याला ऐकू जावं.

सकाळी उजाडायच्या आत बाहेर आलो. अंधारात आधी काही नाही. मग वर, जिथं आभाळ असायला पाहिजे तिथं, एक लाल ठिपका पेटला. मग तो खाली उतरायला लागला आणि कळलं की तो डोंगर आहे. एवढा. माशाच्या शेपटासारखं दुभंगलेलं टोक. आमचा भीमाशंकर आणि शिवनेरी एकावर एक ठेवले तरी त्याच्या गुडघ्याला लागायचे नाहीत.

सावळेरामाला डोंगराचा लई नाद. तो असता तर म्हणला असता, याचा पाला कोण गोळा करणार. असं काहीतरी म्हणायचा तो. मला हसू आलं, मग डोळ्याला धार लागली ती थांबेना. तो गेला त्या दिवशी आली नव्हती. थंडीनं असं होतं म्हणं, डोळ्यातनं पाणी येतं.

जहाँआराकडं बघितलं तर तिची पाठ डोंगराकडं. माझ्याकडं बघत बसलेली, शाल तोंडापतूर घेऊन. मी म्हणलं, "अगं तिकडं बघ! एवढं चालत आलीस कशाला?"

"बघितला की," म्हणली. "लई छान हाय."

कसली बाई आहे! एवढा खर्च, एवढा गुडघा, आणि बर्फ सोडून माझं नाक गळताना बघती.

२७ एप्रिल

जे झालं ते लिहिते. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

काल उतरताना वाट लांब वळसा घेऊन जात होती. खाली तीच वाट दिसत होती. मधी नुसतं गवत आणि थोडा बर्फ. आमच्याकडं आम्ही वाटेनं कधी उतरतो? गवताला धरून सरळ खाली. डोंगर म्हणजे डोंगर, मी म्हणलं. जहाँआरा म्हणली, "भागू, वाटेनं ये." मी म्हणलं, "तू ये वाटेनं, गोगलगाय. मी खाली चहा घेऊन बसते."

बर्फावर पाय ठेवला. वरनं पाटीसारखा टणक. खाली पोकळ, दोन दगडांची खबदाड. पाय मांडीपतूर आत गेला, अंग पुढं गेलं, आणि घोट्यात काहीतरी वाजलं. सुकी काटकी मोडावी तसं.

ओरडले मी. मग गप्प झाले, कारण कुणी नव्हतंच. नुसती ती. आणि ती गोगलगाय, सुजलेल्या गुडघ्याची, त्या उतारावर बूड टेकून घसरत खाली आली. साडीखालची विजार फाटली, तळहात सोलले. येईपतूर तोंडानं बोलतच होती. "थांब, हलू नको. हलू नको गं. मी आले. बघ आले." दगड हलवले. माझा पाय बाहेर काढताना तिनं माझा घोटा दोन्ही हातात धरला आणि म्हणली, "त्या बायडाबाईच्या सुनेचं पुढं काय झालं, सांगितलं का तुला?" मी म्हणलं, "मेली का ती?" आणि तेवढ्यात पाय बाहेर.

तिच्या डोक्याच्या ओढणीनं पाय बांधला. ती मला अंगाला घेऊन बसली. दोन सॅका दोन बाजूला वाऱ्याला आड. मी म्हणलं, तू जा, माणूस आण. ती म्हणली, "तुला सोडून? परत तुला हुडकायला कोण येईल? लई अवघड हाइस तू हुडकायला." थंडीनं डोकं फिरलं होतं तिचं.

मीठ घेऊन चाललेला खेचरवाला दिसला. त्यानं आम्हाला उचलून जवळच्या पडवीत ठेवलं आणि लामपाट्याला निरोप न्यायला गेला.

२८ एप्रिल

सकाळी लामपाट्याची माणसं आली. दिलमाया, तिचा नवरा, तो बोळक्या तोंडाचा म्हातारा, आणि आणखी तिघं. पाठीवर डोको. डोको म्हणजे वेताची मोठी टोपली, कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेतात. एका बाजूनं कापून बसायला जागा केलेली.

दिलमाया म्हणली, "बस्नुस्, दिदी."

बस. तोच शब्द. अख्ख्या नेपाळात तेवढाच मला न सांगता कळला.

मी म्हणलं, नाही. जहाँआराला म्हणलं, सांग यांना, काठीवर येते मी. हेलिकॉप्टर, खेचर, काय ते बघते. पण माणसाच्या पाठीवर? मी काय मढं आहे? ती म्हणली, "तू सांग." मी उभी राहायला गेले आणि पडवीच्या खांबाला मिठी मारून राहिले. कुणी हसलं नाही.

म्हातारा पुढं आला आणि बोलला. जहाँआरानं सांगितलं, "त्यो म्हणतो, तू जव कापला तवा आमी तुला न्हाई म्हणलो का? आता तू का न्हाई म्हणती? पर्म फेडू देत न्हाई म्हंजे आमचा अपमान करती."

मी म्हणलं, "त्याला म्हण, मी एकटीनं कापला. हे सहा जण आलेत. हिशोब चुकतो."

ती बोलली. दिलमाया काहीतरी म्हणली आणि मान उडवली.

"काय म्हणली?"

"म्हणली, मोजून केलं तर ती मजुरी झाली."

मी खांब सोडला. कारण हे माझं बोलणं आहे. वाडीत नवीन सून आली आणि कुरकुरायला लागली की आमच्याकडनं चौघं गेले, त्यांच्याकडनं दोघंच आले, तर मीच तिला ओरडते, मोजायचंय तर मजूर लाव, पडकई कशाला म्हणती. आणि आता दिलमाया, जिला माझं नाव पण नीट येत नाही, मलाच ते ऐकवती.

बसले. डोकोत तोंड मागं असतं. तुम्ही खाली जाता आणि दिसतं ते वरचं, मागे राहिलेलं. आपण कुठून आलो ते. डोंगर समोर, हळूहळू लांब जाणारा. पाठीला पाठ लागलेली, त्या माणसाचा श्वास मला कळत होता. आळीपाळीनं घेतलं त्यांनी. म्हाताऱ्यानं पण घेतलं, नको म्हणलं तरी. त्याचा वेग सगळ्यात चांगला.

माझ्या समोर, वाटेनं मागून, जहाँआरा. पोटावर तिची सॅक, पाठीवर माझी, गुडघ्याला पाला. मी तिला सारखी म्हणत होते, हळू, घाई नको. दिवसभर हेच म्हणत आले. दिवसभर तिचं तोंड बघत आले. म्हातारी झालीय ती. कधी झाली काय माहीत.

१ मे, पोखरा

हाडाला चीर आहे. प्लास्टर घातलं. डॉक्टरीण पोरगी मला म्हणली, घरी जा आणि विश्रांती घ्या. दिलमायाचा नवरा इथपतूर जीपमधनं आला आणि परत गेला. जाताना मी त्याचे हात धरले. नेपाळी येत नाही, हिंदी येत नाही, मराठीत म्हणलं, "दादा, लई केलंत." त्यानं मराठीतनंच ऐकलं असणार, कारण तो म्हणला, "जव." आणि विळा चालवल्यासारखा हात केला.

जहाँआरा माझा चांगला पाय गरम पाण्यानं धुवायला बसली. मी ओरडले, पाय सोड, तू माझी कोण लागती? ती म्हणली, "गिऱ्हाईक हाइस जुनं." आणि धूतच राहिली. मग मी सोडून दिलं. पाणी चांगलं होतं.

९ मे, वाडी

घरी आले. मोहिनीनं गाडी करून आणली पुण्याला. वाडीत उतरले, कुबड्या घेऊन, आणि घरामागं बघितलं तर माझ्या राबाची जागा काळी. कुणीतरी पाला अंथरून, माती घालून भाजलेला. चांगला, सारखा भाजलेला. आमच्या वाडीत तेवढा सारखा राब एकच माणूस भाजतो.

महिन्यापूर्वी मी काय केलं असतं मला माहीत आहे. त्या राखेवर पाणी ओतून आले असते.

कुबड्या घेऊन हौशीरामभाऊजींच्या ओट्यावर गेले. ते उठले. म्हणले, "वहिनी, पाय! बसा."

मी बसले. ते जरा घाबरले, मी भांडले नाही म्हणून.

म्हणलं, "राब तुमी भाजला?"

"भाजला." मग खाली बघून, "तुमी भाजणार न्हाई, असं त्या मणियारीणबाई सांगून गेल्या. ईदला आल्या व्हत्या तवा. म्हणल्या, तिला मी घेऊन जाते, तुमी तेवढं करा."

"आन गेल्या लावणीला मला बसा का म्हणला? मी एकटी, फेडायची न्हाई, म्हणून?"

ते माझ्यासमोर टेकले. मग म्हणले, "वहिनी, माझा बांध फुटला त्या वर्षी मी दवाखान्यात. कुणी बांधला? सावळेरामानं, एकट्यानं. भिकाची बैलजोडी मेली, त्याची नांगरट कुणी केली? सावळेरामानं. वाडीत कोणाचं घर सांगता, जिथं त्याचं अंग न्हाई लागलं? तो गेला, आमी फेडायचं कुणाला? तुमच्याकडं काय निघतच नव्हतं. आमच्याकडं निघत व्हतं. तुमी परत फेडायला आला, तर आमी घेणार कसं?"

म्हणजे ती दया नव्हती. ती सावळेरामाची पडकई होती, आणि मी वर्षभर त्यांच्या बांधाकडं पाठ करून बसले.

ते म्हणले, "चिडल्या का?"

मी म्हणलं, "चिडले. आधी सांगायला तोंड नव्हतं का? ऐका. त्याची फिटली. आता माझी सुरू करा. यंदा तुमच्या लावणीला पहिली मी. आन बसा म्हणायचं न्हाई."

"पाय?"

"लावणी वाकून करतात. पायाचं काम काय?"

भाऊजींची बायको आतनं चहा घेऊन आली, डोळे पुसत. धुरानं असणार.

२ जून

रोप टाकलं. चांगलं उगवलंय, पोपटी.

वैजयंती आली होती, जहाँआराच्या फोनमधले फोटो घेऊन. म्हणली, काकू, ट्रिप बघू. बघितलं. एक पण फोटो बर्फाचा नाही. विळा धरलेली मी. ढिंडो खाताना मी. पुलावरनं उतरलेली मी. गुराँसाखाली मी. डोंगर लाल झाला त्या सकाळी तर नुसतं माझं तोंड, ओलं. मी म्हणलं, या बाईला फोटो काढता येत नाही, बर्फ बघायला गेली आणि बर्फ सोडून सगळं काढलं. वैजयंती नुसती बघत बसली माझ्याकडं. हल्ली सगळे असेच बघतात.

मग ती गेल्यावर मी ते फोटो परत लावले. पहिल्यापास्नं.

१२ जुलै

पंधरा दिवस झाले प्लास्टर काढून. आज हौशीरामभाऊजींच्या खाचरात लावणी. पहिली मी उतरले. चिखल मऊ, घोट्याला थंड लागला, छान वाटलं. भिकाची बायको म्हणली, "भागूवहिनी आली, आता कुणाला उभं राहू देणार न्हाई." खरंय. मला रेंगाळलेलं खपत नाही.

दुपारी बांधावर इरलं घेतलेली एक आकृती. जहाँआरा. घोडेगावहून आली, पेटी घेऊन. म्हणली, पडकईला आले. हौशीराम म्हणले, "मणियारीणबाई, तुमाला भात लावता येतं का?"

"येत न्हाई. मी बांधावर बसते आन बायांच्या फुटलेल्या बांगड्या भरून देते. चालतंय का?"

बायांनी एकच गिल्ला केला. चालतंय म्हणल्या. एकेक जण बांधावर जाऊन चिखलाचा हात धुऊन तिच्यापुढं करत होती. शेवटाला तिनं मला हाक मारली. मी गेले. तिनं माझं मनगट धरलं, अंगठा तळव्यात, आणि बोलायला लागली, त्या बायडाबाईच्या सुनेला मुलगी झाली म्हणं. मी म्हणलं, "बोलू नको. गुंतवू नको मला. भर."

ती गप्प झाली. पहिल्यांदाच. दोन भरल्या, एका हातात एक. साध्या, काचेच्या. वाडीतल्या सगळ्या बाया बघत होत्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

मी परत खाचरात उतरले. वर बघितलं तर ही फोन काढून उभी, माझ्याकडं धरून. मागं ढग बाजूला झालेले, आमचा सगळा डोंगर हिरवागार, धबधबे लागलेले, कधी नव्हे तो एवढा मोकळा.

मी ओरडले, "अगं, डोंगराचा काढ! तिकडं बघ, मागं!"

ती म्हणली, "डोंगर काय कुठं जातोय?"